बेलाच्या बुडाशी पुरलेली तार

सकाळ

सकाळी फोनला काही धाड भरलेली नसायची. हुबळीचा दलाल तिकडं खोकला, तरी इकडं सेलूत शिवरुद्रप्पाच्या बैठकीत कळायचं की गड्याला पुन्हा कफ झालाय. शिवरुद्रप्पा गादीवर मांडी घालून फोनची दांडी गरगर फिरवायचा, एक्स्चेंजमधला रंगनाथ ‘नमस्कार मालक’ म्हणून जोडून द्यायचा, आणि सरकीची, कापसाच्या गाठींची बोलणी पाटाच्या पाण्यासारखी वाहायची. आत भाकरी थापता थापता त्याच्या बायकोला, शांतम्माला, सगळे भाव पाठ झाले होते.

दुपार

दुपारी महानंदाचा फोन यायचा. महानंदा म्हणजे शांतम्माची एकुलती लेक, गेल्या वैशाखात उदगीरला दिलेली. सासू जेवून आडवी झाली की ती दळणाचं निमित्त काढून पोस्टात जायची आणि ट्रंककॉल लावायची. इकडं घंटी वाजली की शांतम्मा पदराला हात पुसत बैठकीत धावायची.

“आई, मी……”

“बोल, बाळा.”

“……मला इथं……रोज……आई, तू……”

आणि मग फुटाण्याची भट्टी. तापल्या वाळूत हरभरे ढवळावेत तसा आवाज. त्याच्या खाली, आडात पडल्यागत, लेकीचा आवाज

वर यायचा

बुडायचा

आणि मग नाहीच.

बरी हायस का, जेवलीस का, काय झालंय, असं शांतम्मा ओरडून विचारायची. ऐकणारा एकच असायचा, भिंतीवरच्या तसबिरीतला सासरा.

सकाळ

लाईनमन चंद्रभान आला तो सकाळी. कानाला फोन लावला, रंगनाथाशी बसस्टँडवरच्या चहाबद्दल बोलला, हसला, फोन खाली ठेवला.

“लय बेस चालतोय की अक्का.”

“दुपारी ये आन मग सांग.”

“दुपारी आमी जेवताव.”

“मग इथं जेव. भाकरी मी घालते. पण दुपारी ये.”

चंद्रभाननं पिशवी आवरली. “अक्का, ह्या लाईनीला सांधे लय. नामांतराच्या दंग्यात तारा तोडल्या, खांब पाडले, तवापासून जोडाजोडच हाय. नामांतर व्हईल तवा व्हईल, तार काय सरळ व्हायची न्हाई.”

“दंग्याला तीन वर्षं झाली. माझा फोन दिवाळीनंतर बिघडलाय,” शांतम्मा म्हणाली. “आन तुझा तो दंगा काय रोज दुपारीच व्हतो?”

गादीवरून शिवरुद्रप्पा हसला. “चंद्रभान, जा तू. बाईमाणसाला फोन कळाया लागला आता.”

चंद्रभानही हसला. दोघांच्या हसण्याचा आवाज अगदी स्वच्छ होता. कुठं खरखर नाही.

दुपार

आता राग कसा असतो सांगू का? तो काही एकदम पेटत नाही. गोवरीसारखा आतून धुमसतो आणि वरून राख दिसते. शांतम्मा धुणं धूत होती, ताक घुसळत होती, आल्यागेल्याला पाणी देत होती, आणि मनात एकच धरून बसली होती की हा फोन मुका नाही. सकाळी बोलतो म्हणजे त्याला बोलता येतं. मग दुपारी माझ्याच वेळेला का

……

ती एकेक करून बघायला लागली. फोनखालच्या पेटीतले सेल नवे घालून घेतले. तेच. कानाला लावायचा भाग उघडून आतली धूळ कोरड्या फडक्यानं पुसली. तेच. तार खिडकीच्या गजाला घासते म्हणून मध्ये चिंधी गुंडाळली.

“आई, ऐकायलीस का……ते मला……”

तेच.

शिवरुद्रप्पानं आपला इलाज केला तो वेगळाच. वडील नाराज असतील म्हणाला. बसवंतप्पा कार्तिकात गेले, तेव्हा त्यानं अंगणातल्या बेलाभोवती त्यांच्या नावाचा सिमेंटचा ओटा बांधला होता. बेलाच्या बुडाशी पूजेचं लोटाभर पाणी जाईल एवढं भोक ठेवलं होतं, बस. आता त्यानं गवंड्याला बोलावून ओट्यावर सिमेंटचा आणखी एक थर दिला आणि फोनला विभूती लावली.

त्यानंतर दुपारी ‘आई’ एवढंही ऐकू येईना.

सकाळ

मग शांतम्माला ताप आला. लिंगपूजा उरकायला तिला उशीर झाला. बैठकीत शिवरुद्रप्पा त्या सकाळी पहिल्यांदाच ओरडत होता.

“हॅलो. हॅलो. मोठ्यानं बोला. अहो, गाठी किती म्हणालात? हॅलो.”

शांतम्मा पूजेचं पाणी घेऊन अंगणात आली. डोकं जड झालं होतं, म्हणून रोजच्यासारखं घाईनं ओतून आत वळली नाही. बेलाला हात टेकून उभी राहिली आणि ओट्याच्या भोकातून धार धरली. पाणी गटगट आत जात राहिलं.

“हॅलो. हॅ— हां. हां, आता कसं साफ यायलंय.” बैठकीतला आवाज खाली आला. अजून खाली आला. मग नेहमीसारखा, गादीवर लोळत बोलावं तसा झाला.

तांब्या रिकामा झाला होता. शांतम्मा तो तसाच उपडा धरून उभी.

मग तिनं तारेचा माग काढला. खांबावरून घरात येणारी तार एकच होती. दुसरी, काळी, बारीक, फोनच्या पेटीतून निघून भिंतीच्या कडेकडेनं अंगणात उतरली होती आणि नव्या सिमेंटात घुसली होती.

तिनं गल्लीतून जाणाऱ्या चंद्रभानला हाक मारून ओट्यापाशी उभं केलं. तो बघत राहिला. त्याच्या तोंडचं हसू गेलं.

“अक्का, ह्या जुन्या लाईनीला तार एकच. करंटाची माघारीची वाट जमिनीतून. तुमच्या सासऱ्यानंच ह्या काळ्या तारेची लोखंडी नळी बेलाच्या बुडाशी पुरून घेतली व्हती, इथं बारमाही ओल म्हणून. अंगणातलं सगळं पाणी इकडंच वाहायचं. जमीन वाळली की आवाज जातो.” त्यानं ओट्यावर टाचेनं ठोकलं. “मालकानं तर वर झाकणच बसवलं. सकाळचं तुमचं लोटाभर पाणी उन्हं चढस्तोवर पुरतं, तेवढंच.”

म्हणजे भाव ऐकू यायचे ते तिच्या पाण्यावर. रोज पहाटे आपण ओतायचं, त्यांनी बोलायचं, आणि आपली वेळ आली की जमीन कोरडी.

“मालकाला पुसा,” चंद्रभान जाता जाता म्हणाला. “ओटा फोडल्याबिगर व्हणार न्हाई.”

दुपार

मालकाला तिनं जेवताना विचारलं. भाकरी वाढली, वर लोणी ठेवलं आणि सगळं सांगितलं.

“अप्पांच्या नावाचा ओटा फोडू म्हणतीस?”

“त्यांचाच फोन व्हता. महानंदाला मांडीवर घेऊन त्यात हॅलो म्हणायला शिकवायचे ते. ओटा त्यांनी मागितला नव्हता.”

“सकाळी चालतोय ना? मग झालं. दुपारी काय भाव असतो?”

“दुपारी माझी लेक असती.”

“लेक, लेक.” शिवरुद्रप्पानं भाकरी मोडली. “ती फोनवर सांगती काय? नुसती रडती. रंगनाथ सांगतच व्हता—”

हात आमटीत थांबला.

फुटाण्याची भट्टी नाही. खरखर नाही. घरात इतकं स्वच्छ ऐकू येत होतं, की त्याच्या बोटावरून आमटीचा थेंब ताटात पडला तोही ऐकू आला.

“रंगनाथ काय सांगत व्हता?”

“त्याला तिकडचं साफ येतं. एक्स्चेंजला.” तो ताटाकडं बघून बोलत होता. “म्हणला, पोरगी रडती, मला न्या म्हणती. आता नव्या पोरीचं असतंच तसं. तू बी रडलीच व्हतीस की. एकदा माघारी आणली की लोक काय म्हणतील? म्या म्हणलं, रमल हळूहळू.”

“कवा सांगितलं त्यानं?”

“होळीच्या आधी.”

होळीच्या आधी. म्हणजे होळीची पोळी खाताना ह्याला माहीत होतं. पाडव्याची गुढी बांधताना माहीत होतं. ती सेल बदलत होती, धूळ पुसत होती, तापात उभी राहून ह्याच्या फोनला पाणी पाजत होती, तेव्हा हा गादीवर बसून हसत होता. फोन दुपारी बिघडलेलाच ह्याच्या सोयीचा होता. लेकीचं बोलणं रंगनाथापर्यंत पोचलं, ह्याच्यापर्यंत पोचलं, सगळ्या तारा ओलांडून आलं आणि ह्या घरात येऊन अडलं.

शांतम्मा उठली. भाकरीची टोपली झाकली. शिवरुद्रप्पा अर्ध्या जेवणावरून उठला, हात धुतला, जिनिंगला काम आहे म्हणाला आणि निघून गेला.

तिनं गोठ्यातून पहार आणली.

पहिला घाव बसवंतप्पांच्या नावाच्या फरशीवर पडला. “माफ करा मामंजी,” ती म्हणाली, आणि पुढचा घाव माफी न मागता घातला. नवा थर पापुद्र्यासारखा निघाला. जुना चिवट होता. शेजारणी गच्चीवरून बघायला लागल्या. कुणीतरी विचारलं, “शांतक्का, अंगात आलं का काय?” तिनं मान वर केली नाही. खाली माती लागली ती राखेसारखी. त्यात गंजलेली नळी उभी होती.

रांजण उपडा केला. बादल्या ओतल्या. पूजेची तांब्याची घागर ओतली. आडाला पाणी तळाशी होतं, तेही शेंदून ओतलं. माती फसफसली, बुडबुडे आले, मग काळी झाली.

घंटी वाजली.

चिखलाच्या हातानं तिनं फोन उचलला.

“आई, मी महानंदा. ऐकू येत नसलं तरी मी सांगते.”

शेजारी उभं राहून बोलावं तसं. श्वाससुद्धा येत होता.

“त्यांनी रॉकेलचा डबा माझ्या खोलीत आणून ठिवलाय. सैपाकघरात जागा न्हाई म्हणत्यात. आई, मला रात्री झोप येत न्हाई. रोज सांगते तुला. उद्या परत सांगीन.”

“उद्या न्हाई,” शांतम्मा म्हणाली. “ऐकू यायलंय. सगळं ऐकू यायलंय.”

 तिकडून हुंदका आला, तोही पुरता.

“आता रडू नको. त्या घराकडं फिरायचं न्हाई. पोस्टमास्तरच्या बायकोपाशी जाऊन बस. मी संध्याकाळच्या गाडीनं निघते. परळीला गाडी बदलून येते. तवर तिथून हलायचं न्हाई.”

“बाबा ओरडतील.”

“ओरडू दे.” मग ती हळू आवाजात म्हणाली, “रंगनाथ, तू ऐकायलास. तू रोजच ऐकतोस. तिकडच्या पोस्टमास्तरला मघाचं सगळं परत सांग, डब्यासकट. लेकराला काय झालं तर तू काय ऐकलं व्हतंस ते मी चौकात उभी राहून सांगीन.”

 तारेवरून, अगदी लहान आवाजात, “जी, वहिनी.”

लुगडं बदलून, पिशवी घेऊन ती अंगणात आली तेव्हा शिवरुद्रप्पा दारात उभा होता. गल्लीतून बातमी जिनिंगपर्यंत पोचायला फोन लागत नाही. तो फुटलेल्या ओट्याकडं बघत होता, अप्पांच्या नावाच्या दोन तुकड्यांकडं, चिखलाकडं.

“कुठं निघालीस?”

“उदगीरला. आणायला.”

“शांता, लोक काय म्हणतील?”

ती त्याच्या बाजूनं उंबरा ओलांडून गेली.

“फोन करून विचारा,” ती म्हणाली. “आता दुपारी बी लागतोय.”