सोफ्यावर बसलेला सबवूफर

तूवूम्बाच्या ग्रॅहमने तीन दिवस मापं घेऊन स्पीकर हलवले, तरी सिनेमा लावला की कोपऱ्यातला सबवूफर, म्हणजे खर्जाचा डबा-स्पीकर, नुसता घुमायचा. शेवटी त्याची बायको नोलीन उठली. चर्चचे ऑर्गन सुरात लावण्यात तिची हयात गेली होती.

"तो डबा तुझ्या जागी सोफ्यावर ठेव."

"आणि मी त्याच्या मांडीवर बसू?"

डबा सोफ्यावर चढल्यावर तिने खर्जातली एक धून लावली आणि अडुसष्टाव्या वर्षी भिंतीकडेने रांगत, कान देत निघाली. खिडकीखाली थांबली. "इथे आवाज मोकळा येतोय. जागांची अदलाबदल केली तरी आवाज तसाच येतो. आता डबा इथे, तू सोफ्यावर."

ग्रॅहमने तसं केलं. खर्ज स्वच्छ, भरदार उमटला. तो थक्क झाला.

"काय कान आहेत गं तुझे!"

नोलीन गुडघे चोळत हसली. "सरक, मलाही ऐकू दे."