यंदा बारोलो नाही

शुक्रवारी दुपारी गारा पडल्या. रस्त्याच्या पलीकडे पडल्या, अलीकडे नाही. पलीकडे सेकोंदो आणि देल्फिना या नवराबायकोची द्राक्षबाग, अलीकडे माझी. माझ्याकडे एक पान फाटलं नाही. त्यांच्याकडे पिकायला लागलेले घड काठीने झोडपल्यासारखे लोंबत होते. दोन दिवस मी त्यांच्या दारात गेले नाही. जाऊन बोलणार काय?

रविवारी सकाळी देल्फिनाच आली. "ओर्सोला, बेल्जियमची माणसं वाईन चाखायला यायचीत. पाव कापायला येतेस ना?"

"आज? येऊ नका म्हणून कळवायचंस की."

"कळवायला तोंड उघडावं लागतं, बाई. तेवढंही जमलं नाही."

मग गेलेच. तळघरात लांब टेबलाशी पाहुणे बसले, मी पाव आणि सलामी, म्हणजे खारवलेल्या मांसाचे काप, मांडले आणि देल्फिना उभी राहून फ्रेंचमध्ये सांगू लागली. किती वर्षं हेच सांगतेय ती, झोपेतसुद्धा सांगेल. द्राक्षाचं नाव नेब्बिओलो, त्याच्या वाईनचं बारोलो. आमच्याकडे त्याला सगळ्यात आधी पालवी फुटते आणि सगळ्यात शेवटी ते पिकतं. पश्चिमेकडच्या गावांतली माती मऊ, तिथली वाईन लवकर माणसाळते. आमच्या सेर्रालुंगा गावाची माती चुनखडीची, कडक. इथली वाईन सुरुवातीला इतकी तुरट असते की जीभ आखडते. तिला वेळच द्यावा लागतो. तीन वर्षांहून जास्त थांबल्याशिवाय बाटलीवर बारोलो लिहिता येत नाही, आणि त्यातला बराच काळ लाकडी पिंपात जातो.

एरवी हे सांगताना ती हात हलवते. आज दोन्ही हातांनी तिने टेबलाची कड धरली होती. पाहुण्यांना ते कळलं नाही. मला कळलं.

निळा रुमाल बांधलेल्या एका बाईने प्रेमाने विचारलं, "मग यंदाची वाईन प्यायला आम्ही कधी यायचं?"

देल्फिनाने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "यंदा बारोलो नाही," ती म्हणाली. "परवा गारा पडल्या."

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर सेकोंदो बाटली घेऊन उभा होता. शुक्रवारपासून त्या घरात हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. तो बागेत जायचा, परत यायचा, "बघू" म्हणायचा. तीही "बघू" म्हणायची. पाव कापताना तिनेच मला सांगितलं होतं.

"कुणी ठरवलं?" त्याने आमच्या बोलीत विचारलं.

"गारांनी."

"वरच्या ओळी आहेत अजून."

"आहेत ना? मग सकाळी बघून आलास तो जेवला का नाहीस?"

"लोकांसमोर काढतेस हे?"

"लोकांना काय कळतंय, आपली बोली येते का त्यांना?"

बोली येत नव्हती, पण सगळ्यांनी हातातले पेले खाली ठेवले होते. थोड्या वेळाने ते उठले. जाताना एकेकाने सेकोंदोचा हात हातात घेतला, मयताला आल्यासारखा. दुसऱ्या हातात ती न उघडलेली बाटली धरून तो तसाच उभा होता.

बस गेल्यावर त्याने एक क्रेट उचलला. "आत्ता दाखवतो," म्हणाला आणि चढणीला लागला.

"तू जा त्याच्याबरोबर," देल्फिना मला म्हणाली. "माझ्या पायांत काही उरलेलं नाही." पण मी वर पोचते तोवर तीही धापा टाकत मागोमाग आली.

वरच्या ओळींत आम्ही तिघं बसलो. घड कापायचा, कात्रीच्या टोकाने फुटलेले मणी काढायचे, उरलेला क्रेटमध्ये ठेवायचा. लांबून बरा दिसणारा घड हातात घेतला की मागची बाजू काळी निघायची. आंबूस वास सुटला होता, गांधीलमाश्या घोंगावत होत्या. क्रेटचा तळसुद्धा झाकला जाईना.

सेकोंदोने एक चांगला मणी तोंडात टाकला, चावला, बिया तळहातावर थुंकल्या. बिया हिरव्या होत्या.

"हे अजून कच्चं," तो म्हणाला, "आणि पिकेपर्यंत सडल्याशिवाय राहायचं नाही."

त्याने क्रेट ओळींच्या मध्ये रिकामा केला. आदळआपट नाही, शिवी नाही. मग तोच क्रेट उपडा घालून त्यावर बसला.

"सुटले," देल्फिना म्हणाली.

"कशातून?"

"तू बोललास एकदाचा. मला वाटलं, नाताळपर्यंत बघू बघूच करणार."

दोन दिवस घोळवत होते ते मी तेव्हा बोलून टाकलं. "सेकोंदो, माझी द्राक्षं घे. यंदा तुझ्या पिंपांत जाऊ देत."

त्याने माझ्याकडे बघितलं. "तुझ्या द्राक्षांच्या बाटलीवर माझं नाव लावू? ओर्सोला, तुझे वेल बघितलेत मी. इतकं गवत माजलंय, ससे लपतात त्यात."

"नको तर नको."

"रागावू नकोस."

"रागावायला जोर लागतो."

देल्फिना हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुसायलाही तिने हात उचलला नाही.

ऑक्टोबरात माझी तोडणी सुरू झाली, तेव्हा न बोलावता सेकोंदो आला. स्वतःची कात्री घेऊन थेट शेवटच्या ओळीला लागला. तोडणीच्या दिवसांत घरी बसून राहणं त्याच्याच्यानं झालं नसतं.

"देल्फिना?" एवढंच मी विचारलं.

"झोपलीय. वसंतापर्यंत पाहुणे नाहीत अशी पाटी लावली दारावर आणि झोपली. उठवू म्हटलं तर उशी फेकून मारली."

दुपारी ती सूपचं भांडं घेऊन आली, केस न विंचरता. आम्ही वेलींच्या सावलीत जेवलो. सेकोंदोने पावाने वाटी पुसून घेतली, टोपी तोंडावर ओढली आणि तिथेच आडवा झाला. बाकीच्या तोडणीवाल्यांनी कात्र्या उचलल्या, तरी आम्ही दोघींनी त्याला हाक मारली नाही.