गल्ल्याशेजारचा पाहुणा

सकाळी आठला शेरीफच्या कचेरीतला लुंड साध्या कपड्यांत ह्रांतच्या बेकरीत शिरला आणि गल्ल्याशेजारी स्टूल ओढून बसला. मी समोरच्या लाँड्रीच्या काचेआडून बघत होते.

आमच्या कॅलिफोर्नियात दावा जिंकला तरी कोर्ट पैसे वसूल करून देत नाही. ते आपलं आपण बघायचं. दोन वर्षांपूर्वी ह्रांत बेदिगियानने माझा सात आठवड्यांचा पगार बुडवला. कोर्टाने तीन हजार एकशेऐंशी डॉलर द्यायला सांगितले, त्यालाही सहा महिने झाले. शेवटी मी जप्तीचा हुकूम काढला, साडेचारशे डॉलर फी उसने पैसे घेऊन आगाऊ भरली आणि दिवसभरासाठी हा माणूस बसवला. गल्ल्यात येईल ती रोकड त्याच्या पेटीत.

पेटीतले पैसे माझ्या हाती यायला काही आठवडे लागणार होते. मला मात्र सोमवारी डेव्हिसमधल्या खोलीचे बाराशे भरायचे होते. नाही भरले तर खोली गेली आणि तिथल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतली जागाही. म्हणजे पेटी नुसती दडपणापुरती. रोकड जाताना बघून ह्रांत स्वतःच बँकेत धावेल, असा माझा हिशोब होता. दिवसही मुद्दाम ईस्टरच्या आधीचा शनिवार निवडला. त्या दिवशी आमच्या फ्रेस्नो गावातली निम्मी आर्मेनियन घरं त्याच्याकडून चोरेग, म्हणजे सणाचा गोड पाव, नेतात.

साडेनऊपर्यंत मी सत्तेचाळीस गिऱ्हाइकं मोजली. मग लक्षात आलं, लुंड जागचा हलतच नाहीये. लोक काउंटरवरच्या यंत्राला कार्ड टेकवत होते. ते पैसे परस्पर बँकेत. मी तिथे कामाला असताना फक्त रोख चालायची, आणि आता काय चालतं हे मी तपासलंच नव्हतं. लाँड्रीत मला बसवेना, उभंही राहवेना.

बारा वाजून वीस मिनिटांनी ह्रांत रस्ता ओलांडून आला.

“नायरी, तुझ्या माणसाने आत्तापर्यंत शंभर डॉलर जमवलेत. छान धंदा काढलास!”

“मग बसू दे की, काका. तुमचं काय जातंय?”

त्याने ॲप्रनला हात पुसले, परत पुसले. “लोक विचारतात, हा कोण. मी सांगितलं, बायकोचा चुलतभाऊ आहे.”

“त्या लालबुंद गोऱ्याला?”

“मावसभाऊ म्हणायला हवं होतं का? हे बघ, निम्मे देतो, आत्ता. बँक एकपर्यंत आहे. सगळे फिटले म्हणून सही कर आणि त्याला घेऊन जा.”

निम्म्यात खोली मिळत होती. फीचे उसने पैसे फेडले तर साठ डॉलर कमी पडत होते, तेवढे कुठूनही आणले असते.

“विचार करते.”

“कर, कर. परीक्षेला बसल्यासारखी कर.”

मी त्याच्या मागोमाग बेकरीत शिरले तेव्हा रांगेतल्या शुशान आजी लुंडलाच विचारत होत्या, “बाळा, तू कुणाकडचा?”

“शेरीफच्या कचेरीतला, बाई. जप्तीवर आहे.”

रांगेतले सगळे लुंडकडे बघू लागले. ह्रांत माझ्याकडे वळला. “झालं! आता मी कशाला पैसे देऊ? कळलं सगळ्यांना.”

झाकायचं काही उरलं नव्हतं, म्हणजे निम्मेही गेले. “निम्म्यावर सही करते,” मी घाईने म्हणाले.

“कसल्या निम्म्यावर?” शुशान आजींनी पिशवी खाली ठेवली. “तू तर इथे पाव बांधायचीस. याने पगार नाही दिला?”

“सात आठवड्यांचा.”

“ह्रांत!”

“आजी, तेव्हा भट्टी बिघडली होती...”

“भट्टीवाल्याला दिलेस ना पैसे? मग हिलाच का बुडवलंस? हिचे आजोबा तुझ्या लग्नात रात्रभर भांडी घासत होते, मेल्या.” मागून कुणीतरी हसलं. आजी काउंटरच्या पलीकडे गेल्या. “पाव मी विकते. जा बँकेत.”

“सगळे?”

“नाहीतर उद्या चर्चमध्ये माझ्याशेजारी बसून दाखव.”

तो ॲप्रनवरच निघाला. मी दारात उभी राहून नखं कुरतडत होते. एकला तीन मिनिटं असताना तो कोपऱ्यावरच्या बँकेच्या दारातून बाहेर आला, लिफाफा हातात. आत पूर्ण रकमेचा बँकेचा चेक होता.

“माझी साडेचारशेची फी राहिली,” मी म्हणाले.

“निर्लज्ज आहेस,” ह्रांत म्हणाला आणि खिशात हात घातला.