सुकरीच्या दारातला अकरावा ठिपका

बोडीच्या, म्हणजे आमच्या गावतळ्याच्या, पाळीवर अख्खं गाव लोटलं होतं. तीन दिवसांआधी अर्धं पाणी मोकळं होतं. आज काठापासून काठापर्यंत हिरव्या पानांची गोधडी. मासे वर तोंड काढून तडफडत होते. अन् महिन्याआधी गावात उतरलेले महाराज डोळे पांढरे करून गरजत होते, "जल में जहर, गाव पे कहर! पुनवेच्या आत पाणी झाकलं जाईल म्हटलं होतं. झाकलं का नाई?"

"झाकलं, महाराज!"

"मग ह्या पाळीवर राहते कोण?"

माना वळल्या. पाळीवर झोपडी एकच, शिंगाडे काढून पोट भरणाऱ्या विधवा सुकरीची.

"तिची नजर पाण्यात उतरली. सांजेपर्यंत तिले गावाबाहेर काढा, इथी माझी धुनी पेटवा. उद्यापासून एक पान वाढणार नाई!"

मी फटकळ म्हणून चार गावांत नाव आहे. पण तेव्हा माना वळवणाऱ्यांत मीही होते. उलट तिच्या नजरेची कुजबुज ऐकून सकाळीच सुकरीनं दिलेला पाण्याचा तांब्या मी तिच्यासमोर ओतून दिला होता.

आमचं घर पाळीसमोरच. माझी सून रंजीता आतून रांगोळीचा डबा घेऊन अंगणात आली.

"काऊन गं? तिथं बाईचा जीव जाते अन् तुले रांगोळी सुचून राह्यली?"

"आई, पहा तर." तिनं आमच्या उंबऱ्याशी पहिला ठिपका ठेवला. "महाराजांनी आल्या दिवशी पूजेचा म्हणून टोपलीभर तरंगता पाला बोडीत सोडला होता. काठावर सांडलेला मूठभर मी गाईच्या टाक्यात टाकला. तीन दिवसांत दोन मुठी, सहा दिवसांत चार, नऊ दिवसांत आठ. मग गाईनं खाल्ला. आता बोडीचा हिशेब: दर तीन दिवसांले एक वीत बाजूले, अन् जितक्या टोपल्या तितकी बोटं उंबऱ्यापासून समोर."

एक, दोन, चार बोटं. ठिपके मुंग्यांसारखे उंबऱ्याला चिकटलेले. रस्त्यापलीकडचा नथ्थू हसला, "वहिनी, याच्यात कहर कुठी आहे?"

आठ, सोळा, बत्तीस. हसू थांबलं. आठवा ठिपका कुंपणाशी गेला, नववा रस्त्यावर. दोरीनं मोजत दहावा नथ्थूच्या दारात. अकरावा, म्हणजे तिसावा दिवस, म्हणजे आज, हजारावर टोपल्या, थेट सुकरीच्या उंबऱ्यावर.

"दहाव्याले बोडी अर्धी, अकराव्याले पुरी," रंजीता म्हणाली. "पहिले पंधरा-वीस दिवस कोणाच्या डोळ्यात आलं नाई. अन् उद्या पान वाढणार नाई, कारण जागाच उरली नाई!"

नथ्थूनं पाळीवर उभ्या महाराजांचा हात धरला. "गाईच्या टाक्यात कोणाची नजर उतरली होती, महाराज?"

महाराज हात सोडवून झोळी उचलायला गेले. पोलीस पाटलानं त्यांना बसवून ठेवलं.

मी ठिपक्यांवरून चालत सुकरीच्या दारात गेले. तिचं गाठोडं बांधून तयार होतं.

"सुकरे, पाणी दे."

"सकाळी देल्लं होतं, बाई."

तिनं तांब्या भरला. पण माझ्या हातात दिला नाही, उंबऱ्यावर ठेवला. मी वाकून उचलला अन् सगळ्यांसमोर प्यायले.

आम्ही शेवटचा ठिपका पाहिला अन् समोर जिचं दार होतं तिला धरलं. मायबाईंनो, नवल दिसलं की आधी पहिला ठिपका शोधा. तो कोणी ठेवला, ते विचारा.