पोपटी कोटाचं कार्ड

ग्रंथपालबाईंच्या घरात कपड्यांनाही कार्डं होती. कपडा अंगावर चढला की त्या दिवशीचा शिक्का. ज्याच्या कपाटात तीस शिक्क्यांच्या आतला एकही कपडा लोंबकळतोय, त्याने नव्याचं नाव काढायचं नाही. गावाबाहेरच्या कचऱ्याच्या ढिगात बाईंनी एकदा लेबलंसुद्धा न काढलेले सदरे पाहिले होते. तेव्हापासून हा कायदा.

नवऱ्याने तो निमूट पाळला. सूनबाई दातांच्या दवाखान्यात कामाला, नेमकं कुठे किडलंय ते शोधण्यात तरबेज. तिने सासूबाईंच्याच कपाटातून एक पोपटी लोकरी कोट बाहेर ओढला. कायद्याच्या आधी हौसेने घेतलेला, आणि आरशात पाहिल्यावर मागे सरकवलेला. कार्डावर शिक्के चार.

"वर्षअखेरपर्यंत याचे तीस झाले नाहीत, तर कायदा रद्द. चालेल, आई?"

बाई चालेल म्हणाल्या; कमी शिक्क्यांचा कोट त्यांच्याच कपाटातला, दुसरं म्हणणार काय? पण कायदा रद्द झाला, तर सूनबाई दुसऱ्याच दिवशी बाजार घरी आणणार होती.

त्या कोट घालून ग्रंथालयात जाऊ लागल्या. नवरा दारात उभा राहून मिरची देऊ का, असं रोज विचारायचा. अकरा शिक्क्यांवर बाईंचा धीर सुटला आणि कोट ग्रंथालयातल्या खुंटीवर जाऊन बसला.

शिक्का ग्रंथालयातलाच असल्याने कार्ड बाईंच्या पिशवीतून ये-जा करायचं. एका गर्दीच्या दिवशी ते परत आलेल्या पुस्तकांच्या कार्डांत मिसळलं आणि बाईंनी सवयीने तेही खणात लावून टाकलं, 'क'च्या पाठीमागे. दोन दिवसांनी घड्याळं दुरुस्त करणारी एक बाई तेच कार्ड घेऊन समोर आली. कोट, पोपटी, लोकरी, डाव्या खिशाला नवं अस्तर, असं तिने वाचून दाखवलं. थंडीच्या गावी जायचंय, तीन दिवसांसाठी मिळेल का?

बाईंनी नियमावली मनातल्या मनात उलटून पाहिली. कोट देऊ नये असं त्यात कुठेच नव्हतं.

परत देताना तिने तीनदा घातल्याचं सांगितलं. बाईंनी तीन शिक्के मारले. मग कोटाचं चांगलंच नाव झालं. कुणाला लग्नाला हवा, कुणाला मुलाखतीला. मागणीची वही उघडावी लागली. सूनबाई घरी कुरकुरली की दुसऱ्यांचे शिक्के कसे धरायचे. बाईंनी शांतपणे विचारलं, पुस्तकावरचे शिक्के काय ग्रंथपालाने वाचल्याचे असतात? तिने वाद सोडला. पण डोकं चाललं.

चोवीस शिक्के झाले, वर्षाचे दहा दिवस उरले आणि वहीत पुढचं नाव निघालं सूनबाईचं. सभासद होती, वर्गणी भरलेली. नाही म्हणायची सोय नव्हती. दहा दिवस कोट कुलपात ठेवणार, हे बाईंना तिच्या चालण्यावरूनच कळलं. बाई रोज सकाळी तिच्या आधी घराबाहेर पडत, संध्याकाळी तिच्यानंतर परतत. कपाटात डोकावायचा मोह दोनदा झाला. दोन्ही वेळा आवरला.

शेवटच्या दिवशी दुपारी सूनबाईने कोट टेबलावर ठेवला.

"तीनदा घातला. म्हणजे सत्तावीस. हरलात, आई."

बाईंचे हात सवयीने चालले. परत आलेलं पुस्तक बाई नेहमी चाळून बघत. पानांत लोक काय काय विसरतात. तसेच त्यांनी खिसे तपासले. डाव्यातून बसची तिकिटं निघाली. त्यांनी ती तारखेप्रमाणे मांडली. याच दहा दिवसांतले सात दिवस.

सूनबाई खिडकीकडे बघू लागली.

"गारठा होता," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी नुसता घालून बघितला. दवाखान्यात तीन पेशंटांनी कुठून घेतला म्हणून विचारलं."

बाईंनी सात शिक्के मारले, एकेक, सावकाश. एकतीस. कायदा वाचला होता, पण हसू चेहऱ्यावर येऊ द्यायचं नाही म्हणून त्या शिक्क्याची शाई पुसत बसल्या.

"मग मुदत वाढवून द्या ना. आणखी पंधरा दिवस."

बाईंनी वही तिच्याकडे फिरवली. आधी दोन नंबर होते: एक छायाचित्रकार आणि पुन्हा ती घड्याळवाली.

"घरच्या माणसाला तरी..."

"घरच्या माणसालाच तर नाही."

सूनबाईने पेन उचललं, तिसऱ्या ओळीत नाव लिहिलं, आणि घड्याळवालीचं दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं ते विचारलं.