डब्यातली पट्टी

चिंचवडच्या कंपनीत टेलेक्सवर बसणारी कस्तुरा त्या दुपारी कळांवर तुटून पडली होती. लाह्या फुटाव्यात तसा आवाज. मोठ्या ऑपरेटरची जागा मधुसूदन साहेबांनी भाच्याला दिली होती, सुरेंद्रला. त्याला कळा कस्तुरानंच शिकवलेल्या.

टेलेक्सची रीत अशी, की मजकूर आधी कागदी पट्टीवर भोकं पाडून उमटवायचा आणि लाइन मिळाली की पट्टी यंत्रात सोडायची. एकदा सुटली की मुंबईच्या हेड ऑफिसात तिथल्या तिथं छापून निघणार; मागं ओढायला हात पुरत नाही. कस्तुरानं सगळं ओतलं. साहेब आंधळा, भाचा ठोंब्या, कंपनी काय ह्यांच्या बापाची. पण मुंबईची लाइन काही मिळेना. सुटायची वेळ झाली, तशी तिनं पट्टी गुंडाळून जेवणाच्या डब्यात घातली.

पुनावळ्यात घरी तिची आई, पुतळाबाई, ओट्यावर सुपात ज्वारी निवडत होती. कस्तुरानं पट्टी उलगडली आणि भोकांतला इंग्रजी मजकूर तिला मराठीत सांगितला. पुतळाबाई गालात हसली.

"ठोंब्या ब्येस हाय. पर तुजी जागा कुटं हाय ह्यात? मला तर समदीकडं त्योच दिसतोय."

कस्तुरा सुपाशी टेकली. खडा बाजूला, दाणा आत. आंधळा बाजूला, ठोंब्या बाजूला, बाप तर पार अंगणात. उरलं ते मूठभर. पण ते तिचं होतं. पट्टी चुलीत गेली.

सकाळी तिनं नवी पट्टी पाडली. आपण किती वर्षं यंत्रावर आहोत, कुणाकुणाला शिकवलं, आणि ही नेमणूक कोणत्या नियमानं झाली, एवढंच. त्याची छापील प्रत तिनं आधी साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"हे मुंबईला चाललंय, साहेब. खोटा असेल तो शब्द दाखवा, मी काढते."

साहेबांनी पेन उघडलं, पुन्हा पुन्हा वाचलं, पेन मिटलं.

"कस्तुराबाई, सुरेंद्र तुम्हाला ताई म्हणतो."

"म्हणू दे की. त्याच्याबद्दल वाईट एक अक्षर नाही त्यात."

लाइन मिळाली. तिनं पट्टी सोडली आणि शेवटचं भोक आत जाईस्तोवर हात काढला नाही.

दुपारी यंत्र आपसूक खडखडलं. नेमणूक थांबवा, दोघांचीही परीक्षा मुंबईत घेऊ. कस्तुरानं तो कागद यंत्रातून फाडून साहेबांपुढं ठेवला आणि दाराशी घुटमळणाऱ्या सुरेंद्रला खुर्ची ओढून दिली.

"बस. आकड्यांत अजून अडखळतोस तू. परीक्षा आहे आपली."