नियंत्रित गटातली मुलगी

माझी नणंद शिक्षणशास्त्रात पीएचडी करत होती आणि माझी मुलगी तिच्या नियंत्रित गटात होती. नियंत्रित गट म्हणजे ज्यांच्यावर नवं काहीच करायचं नाही ते. पहिलीच्या दोन वर्गांपैकी 'ब' वर्गाला ती टाळ्या वाजवत, शब्दातले आवाज सुटे करत वाचायला शिकवणार, कार्डं घरी देणार. 'अ' वर्ग नेहमीसारखा शिकणार. शेवटी दोघांना एकच चाचणी. 'ब' वर्ग ठळकपणे पुढे निघाला, तरच तिची परिकल्पना खरी. आमचं पिल्लू 'अ' मध्ये.

"आत्याचा प्रयोग आणि भाचीच उपाशी," सासूबाई म्हणाल्या.

"आई, कुठला वर्ग ते चिठ्ठी टाकून ठरलं. मी निवडला असता तर तो प्रयोग कसला, घरचं कार्य झालं असतं."

पिल्लू अजून अक्षरांकडे चित्रासारखं बघायची. शेजारणीचा मुलगा 'ब' वर्गातला. तो जिन्यातल्या पाट्या मोठ्यानं वाचायला लागला की मी हळूच दार लोटून घ्यायचे.

चाचणी होऊन गेल्यावर एकदा पिल्लूला दवाखान्यात नेलं. काचेच्या दारासमोर ती थबकली आणि एकेक टाळी देत म्हणाली, "ढ. क. ला." मग दार ढकलून आत गेली. मला आधी भरून आलं. मग त्या टाळ्या खटकल्या. 'अ' वर्गात टाळ्या कुणी शिकवल्याच नव्हत्या.

घरी येऊन सासूबाईंना विचारलं.

"शेजारचा येतो ना कार्डं घेऊन. दोघं दुकान-दुकान खेळतात. मी आपली गिऱ्हाईक."

"नुसती गिऱ्हाईक?"

"गिऱ्हाइकानं पाटी वाचून दाखव म्हटलं तर पाप लागतं का गं?"

संध्याकाळी नणंद लॅपटॉपसमोर चेहरा पाडून बसली होती. "वहिनी, फरक आहे, पण सार्थक नाही. नुसत्या योगायोगानंही आला असेल, एवढाच. 'अ' मधले काही गुण उगाच वर गेलेत. सगळ्यांत वर आपलं पिल्लू."

मी सगळं सांगितलं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "मग तिचे गुण काढून टाक. माझ्यापायी पोरीची पदवी अडायला नको."

नणंदेनं ती ओळ पुसली, आकडेमोड पुन्हा चालवली.

"ठरतो," ती म्हणाली. "हिला काढलं की फरक सार्थक ठरतो."

"सुटलीस बाई," सासूबाई म्हणाल्या.

पण नणंदेनं ती ओळ परत भरली. "हिची चौकशी का झाली? हिचे गुण मला नडले म्हणून. ज्यांचे गुण माझ्या सोयीचे, त्यांच्या घरी कार्डांचं काय झालं ते मी विचारलंच नाही. विचारायचं तर सगळ्यांना."

"आणखी आज्या निघतील," मी म्हटलं. "सगळं मुसळ केरात जाईल."

"घाबरवायचं खातं तुझ्याकडेच आहे, वहिनी. पण उद्या सोबत ये."

दोन्ही वर्गांतल्या प्रत्येक घरी गेलो. कार्डं कुठे कुठे फिरली होती. मावसभावाकडे, शिकवणीत, लिफ्टमध्ये. एका शिंपीआजोबांनी तर कार्डांच्या नकला काढून दोरीवर चिमट्यांनी टांगल्या होत्या, नातू 'अ' वर्गातला. उलट 'ब' मधल्या काही घरांत कार्डं दप्तराबाहेरच आली नव्हती. नणंद तोंड वाकडं न करता टिपून घेत होती.

"घरी कुणी शेजारी बसलं की मूल वाचतं, असंच दिसतंय की," परतताना मी म्हटलं. "हेच सिद्ध झालं म्हण."

"दिसतंय म्हणीन. सिद्ध नाही. मी ते तपासायला निघालेच नव्हते." आणि प्रबंधात तिनं सरळ लिहिलं: परिकल्पना टिकली नाही.

तोंडी परीक्षेला आम्ही सगळे मागच्या रांगेत. ती नापास झालीच तर काय बोलायचं, ते मी मनात घोकून आले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका तक्त्यावर बोट ठेवलं. "एक मूल वगळलं असतं तर तुमची परिकल्पना टिकत होती. आणि हे तुम्ही स्वतःच छापलंय. का?"

"वाचणाऱ्याला तो मोह दिसायला हवा, सर. मला झाला होता."

ते शेजारी बसलेल्या तिच्या मार्गदर्शक बाईंना म्हणाले, "माझे प्रश्न संपले. पदवीची शिफारस करतोय. आणि हे प्रकरण माझ्या विद्यार्थ्यांना वाचायला देणार आहे, तुमची हरकत नसेल तर."

माझं घोकलेलं सगळं विरून गेलं. पिल्लूला मांडीवर इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरली. पुढच्या खुर्चीवरच्या बाईंनी वळून, नणंदेकडे बोट दाखवत विचारलं, "तुमच्या कोण या?"

"मुलगी," सासूबाई मान ताठ करून म्हणाल्या. "आणि त्या प्रकरणातली आजी म्हणजे मी."